इन्क्युबेटर नसताना कीटकांच्या वाढीवर तापमानाचा परिणाम वर्गात कसा दाखवावा?

तुमचा प्रश्न असा : आठवी-नववीच्या वर्गात जिवंत कीटक वाढवून तापमानाचा परिणाम दाखवायचाय, शाळेत इन्क्युबेटर नाही, आणि रेशीम अळी घ्यावी की फळमाशी हे ठरत नाही.

मी दोन्ही घेणार नाही. रेशीम अळीला रोज अनेकदा ताजा तुतीचा पाला लागतो. गरम खोक्यात तो लवकर सुकतो, आणि मग अळ्या उष्णतेने खुंटल्या की उपाशी राहून, हे सांगता येत नाही. फळमाशी दहा-बारा दिवसांत तयार होते, पण तिच्या खाद्यावर बुरशी धरते आणि मोजताना माश्या वर्गभर उडतात. मूग-चवळीला लागणारा भुंगेरा (कॅलोसोब्रुकस मॅक्युलॅटस) या कामाला सगळ्यात चांगला. मादी अंडं दाण्यावर चिकटवते, ते साध्या भिंगातून दिसतं. अळी अंड्याखालूनच दाण्यात शिरते आणि कोषावस्थाही आतच काढते. बाहेर आलेल्या भुंगेऱ्याला अन्न-पाणी काहीच लागत नाही. ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण चार आठवडे लागतात.

भुंगेरे किराणा दुकानातल्या किंवा घरच्या भोकं पडलेल्या चवळीत मिळतात. मूग मात्र नीट निवडा. एरंडेलाचा हात फिरवलेले, पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर घालून साठवलेले दाणे चालणार नाहीत. त्यांवर अंडी टिकत नाहीत. नवे मूग तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे आधीची कीड मरते, मग एक-दोन दिवस बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पिशवी लगेच उघडली तर दाण्यांवर दव धरतं. राजमा घेऊ नका, त्यात ही अळी वाढत नाही.

अर्ध्या लिटरच्या बरणीत १०० ग्रॅम मूग, ३०-४० भुंगेरे, तोंडाला मलमल आणि रबरबँड. ही मूळ पैदास. एक पिढी पूर्ण होऊ द्या आणि बारीक काळ्या चमकदार गांधीलमाश्या निघतात का ते पाहा. त्या परजीवी आहेत, भुंगेऱ्याची अळी दाण्यातच खाऊन टाकतात. निघाल्या तर ती बरणी बंद करून नव्या भुंगेऱ्यांपासून सुरुवात करा. नाहीतर मरतुकीचा दोष तापमानाला जाईल.

आता खोकी. बल्ब लावायचा मोह होतो, पण बल्बपाशी ३६ अंश आणि कोपऱ्यात २८ अशी स्थिती होते, शिवाय उजेडाचा फरक पडतो. हल्लीचे एलईडी झिरो बल्ब तर तापतही नाहीत. त्यापेक्षा जाड भिंतीचं थर्मोकोलचं खोकं घ्या. आत पाच लिटरची पाण्याची झाकणाची बरणी ठेवा आणि त्या पाण्यात मासे पाळणारे वापरतात तो ५० वॉटचा, तापमान ठरवता येणारा हीटर सोडा. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे थोडा वेळ वीज गेली तरी खोकं एकदम गार होत नाही. हवेचं तापमान पाण्यापेक्षा कमी भरतं, म्हणून हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. तापमापक दाण्यांशेजारी हवा. दाणे ठेवण्याआधी दोन दिवस खोकं रिकामं चालवून आकडा स्थिर होतो का ते बघा. हीटर पाण्याबाहेर काढण्याआधी प्लग काढून पंधरा मिनिटं थांबायचं, आणि हे काम शिक्षकांनीच करायचं.

असं खोकं गरम करू शकतं, गार करू शकत नाही. त्यामुळे त्याचं तापमान खोलीच्या दुपारच्या कमाल तापमानाच्या वरच हवं. पुण्या-नाशकाकडे डिसेंबर-जानेवारीत एक गट खोलीत, एक २७ अंशांवर, एक ३० अंशांवर, असं जमतं. मुंबई-कोकणात खोलीच उबदार असते, तिथे ३० आणि ३२ ठेवा. ३५च्या वर नको, अळ्या मरू लागतात. खोलीतल्या गटाजवळ कमाल-किमान तापमापक ठेवून दोन्ही आकडे रोज लिहा.

बहुतेक शालेय प्रयोग आर्द्रतेपाशी फसतात. गरम खोक्यातली हवा कोरडी पडते, दाणे सुकतात, आणि आपण उष्णता व कोरडेपणा या दोन गोष्टी एकाच वेळी बदलून बसतो. उपाय स्वयंपाकघरातच आहे. प्रत्येक गटाच्या दाण्यांच्या बाटल्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि त्यातच एका वाटीत मीठ व थोडं पाणी कालवून ठेवा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये, ओल्या रेतीसारखं दिसलं पाहिजे. अशा मिठावरची हवा २० ते ३५ अंशांत कुठेही सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर राहते. वाटी दाण्यांना लागू देऊ नका, आणि डबा रोज एकदा उघडून हवा बदला.

अंडी एकाच वयाची हवीत. ताटात २०० ग्रॅम मूग एका थरात पसरा, त्यावर ४०-५० भुंगेरे सोडा, मलमलीने झाका आणि सहा तासांनी सगळे भुंगेरे काढा. मादी मोठी असते, तिच्या पोटाच्या टोकाशी दोन्ही बाजूंना गडद पट्टे असतात; निम्म्याहून जास्त माद्या असू द्या. मग भिंगाखाली दाणे निवडा. एका दाण्यावर एकच अंडं ठेवायचं, जादाची टाचणीने खरवडायची. एका मुगात दोन-तीन अळ्या शिरल्या तर त्या एकमेकींचं अन्न खातात आणि निकाल गढूळ होतो. तीन तापमानं, प्रत्येकी तीन बाटल्या, बाटलीत ३० दाणे : एकूण २७० दाणे. निवडायला वर्गाला दोन तास पुरतात.

आठ-दहा दिवसांनी अंडी तपासा. उबलेलं अंडं पांढरं होतं, कारण अळी दाणा कोरताना निघालेला भुसा टरफलात भरते. न उबलेलं पारदर्शकच राहतं. पांढरी अंडी मोजून ठेवा. किती जगले ते त्या आकड्याशी ताडायचं, ३० शी नाही. पुढे दाण्यावर गोल, काळपट खिडकी दिसू लागली की भुंगेरा बाहेर यायला आलाय. तिथून रोज ठरलेल्या वेळी बाहेर आलेले भुंगेरे मोजून काढून टाका. राहिले तर ते नवी अंडी घालतील. रविवारची मोजणी चुकली तर सोमवारचा आकडा दोन दिवसांचा म्हणूनच लिहा.

भुंगेऱ्यांच्या आकाराच्या मागे लागू नका. एकाचं वजन काही मिलिग्रॅमच असतं, शाळेच्या काट्यावर ते कळत नाही. दिवसांचं गणित करा, त्यात खरी गंमत आहे. समजा २४ अंशांना सरासरी ३६ दिवस लागले आणि ३० अंशांना २४. दिवसांचा व्यस्त (१ ÷ दिवस) घ्या, म्हणजे वाढीचा दर : ०.०२७८ आणि ०.०४१७. आलेखात आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर हा दर. बिंदूंमधून काढलेली रेघ मागे नेली की ती आडव्या अक्षाला १२ अंशांवर छेदते. त्याखाली वाढ थांबते असा अंदाज. आता ३६ × (२४ − १२) = ४३२, आणि २४ × (३० − १२) = ४३२. म्हणजे कीटकाला दिवस नाही, ठरावीक ‘उष्णता’ लागते. २७ अंशांना ४३२ ÷ १५, साधारण २९ दिवस लागायला हवेत. मुलांनी हे भाकीत आधी लिहावं, मग आपल्या २७च्या गटाशी ताडावं. (हे आकडे समजावण्यापुरते, तुमचे वेगळे येतील.)

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. एका खोक्यात ९० दाणे ठेवले म्हणून तापमानाचा प्रयोग ९० वेळा झाला असं नाही. तो एकदाच झाला. खोक्याचा काही दोष असेल तर तो सगळ्या ९० दाण्यांना भोवतो. वेळ असेल तर खोक्यांची तापमानं अदलाबदल करून दुसरी पिढी घ्या.

शालेय पोषण आहाराचे मूग, मटकी, चवळी जिथे साठवतात त्या खोलीच्या आसपासही या बरण्या नेऊ नका. प्रयोग संपल्यावर सगळे दाणे पिशवीत बांधून तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मगच टाका. जुन्या बरण्यांतल्या भुशाने शिंका आणि दमा होऊ शकतो, त्या उघडताना तोंडाला रुमाल बांधा आणि दम्याच्या मुलांना मोजणीऐवजी नोंदींचं काम द्या.