‘अँबिशियस कार्ड’ ही पत्त्यांची जादू नेमकी कोणाची? आणि तेच तेच परत करूनही ती पकडली कशी जात नाही?

एका कोणाची असं म्हणता येणार नाही. मूळ 19 व्या शतकातल्या फ्रान्समधलं धरतात, पण आज आपण बघतो तो प्रकार बऱ्याच जणांनी भर घालत घालत झालाय.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, तुम्ही एक पत्ता निवडता, त्यावर सही करता, जादूगार तो गड्डीच्या मधे घालतो आणि चुटकी वाजवली की तो सगळ्यात वर. परत मधे, परत वर. बस, एवढंच!

यातली पायाभूत हातचलाखी म्हणजे डबल लिफ्ट. वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटून दाखवायचे, तुम्हाला सही दिसते म्हणजे तुमच्या मते तुमचा पत्ता सगळ्यात वर आहे, प्रत्यक्षात तो वरून दुसऱ्या क्रमांकावर असतो. मग दोन्ही परत पालथे करून वरचा जो मधे सरकवला तो भलताच पत्ता, तुमचा आपोआप वर आलेला. ऐकायला फालतू वाटतं, पण दोन पत्ते जरा जरी एकमेकांवरून सरकले की खेळ खल्लास.

आता या जादूचा सगळ्यात गाजलेला किस्सा, 1922, शिकागोचं ग्रेट नॉर्दर्न हॉटेल. जगप्रसिद्ध जादूगार हूडिनी, जो सुरुवातीला स्वतःला ‘किंग ऑफ कार्ड्स’ म्हणवून घ्यायचा, त्याचा दावा होता की कुठलीही जादू मला तीनदा दाखवा, मी ती पकडणारच. डाय व्हर्नन नावाच्या कॅनेडियन तरुणाने त्याच्याकडून पत्त्यावर आद्याक्षरं लिहून घेतली आणि हेच केलं. हूडिनी परत कर, परत कर म्हणत राहिला, तीनदाच्या पुढे गेलं तरी युक्ती काही कळेना. गंमत म्हणजे व्हर्ननकडे दोन्ही बाजूंना पाठच छापलेला एक खास पत्ता होता, आणि हूडिनी बहुतेक डबल लिफ्टच शोधत बसला असणार (हा माझा अंदाज). व्हर्ननने पुढे आयुष्यभर ‘हूडिनीला फसवणारा माणूस’ ही ओळख मिरवली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. एकच जादू लागोपाठ दोनदा करू नये हा जादूगारांचा जुना नियम, ही जादू तो सरळ मोडते, पण प्रत्येक वेळी पद्धत बदलून. तुम्ही मनात जो तर्क बांधता तो पुढच्या फेरीत खोटा पडतो. म्हणूनच तर एवढ्या नव्या युक्त्या निघाल्या, उदाहरणार्थ व्हर्ननच्याच नावाने ओळखली जाणारी ‘टिल्ट’, यात वरचा पत्ता मागच्या कडेने किंचित उचललेला असतो त्यामुळे पत्ता मधे जातोय असं दिसतं पण जातो वरून दुसऱ्या जागी.

मग शेवट मोठा करण्याची चढाओढ लागली. डॅरिल या अमेरिकन जादूगाराने 1982 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लॉझानला फिझम या जादूगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या जागतिक स्पर्धेत पत्त्यांच्या विभागात याच रुटीनवर बाजी मारली, आणि दोरीने बांधलेल्या गड्डीतून पत्ता वर येणं हा त्याचा प्रसिद्ध शेवट. मला स्वतःला दोरीपेक्षा साधी, दुसऱ्याची गड्डी मागून केलेली जास्त आवडते.

शिकायची असेल तर आधी फक्त डबल लिफ्ट पक्की करा, टिल्ट नंतर. आणि टिल्ट करताना तुमच्या मागे कोणी उभं नाही ना ते बघा, ती फट मागून चक्क दिसते.