‘मी सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही’: डाईव्ह गाईडची जबाबदारी नेमकी किती?

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. स्कूबामध्ये रेस्क्यू डायव्हरपर्यंतचे कोर्स झाले आहेत. पुढे डाईव्हमास्टर होऊन गाईड म्हणून काम करायचं आहे. गेल्या सुट्टीत आमच्या गटात एक अनुभवी गृहस्थ होते. १८ मीटरची डाईव्ह ठरली होती, पण फोटो काढायच्या नादात ते बरेच खाली गेले. गाईड त्यांच्या मागे गेला आणि आम्ही चौघं मधेच थांबून राहिलो. वर आल्यावर ते गृहस्थ उलट गाईडवरच चिडले. त्यांना काही झालं असतं तर दोष कोणाचा? सगळं गाईडच्याच गळ्यात पडणार असेल, तर या क्षेत्रात यावं का? (खाली आईच्या हस्ताक्षरात : ‘हिला पोहता येतं म्हणून परक्यांचे जीव हिने अंगावर का घ्यायचे?’)

उत्तर : आधी तुझ्या त्या प्रसंगाबद्दल बोलू. गाईड मागे गेला हे धाडसाचं वाटलं तरी मला ते पटलेलं नाही. एका न ऐकणाऱ्या माणसासाठी ऐकणारी चार माणसं वाऱ्यावर सोडली गेली. अशा वेळी टाकीवर ठोकून लक्ष वेधायचं, वर येण्याची खूण करायची, आणि स्वतःची हवा, खोलीची मर्यादा आणि उरलेला गट हे तिन्ही सांभाळून जेवढं जाता येईल तेवढंच खाली जायचं. रेस्क्यूच्या कोर्समध्ये तुला पहिल्याच दिवशी शिकवलं असेल की वाचवणाराच बुडाला तर अपघात एकाचे दोन होतात. गाईडचा पगार घेतला म्हणून तो नियम बदलत नाही.

आता हिशोब बघ. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक बार (म्हणजे पृष्ठभागावर हवेचा असतो तेवढा) दाब वाढतो. ३० मीटरवर एकूण दाब चार बार, म्हणजे त्याच श्वासाला चौपट हवा लागते. पृष्ठभागावर तासभर पुरणारी टाकी तिथे पंधरा मिनिटांत रिकामी होईल. शिवाय त्या खोलीवर नायट्रोजनची गुंगी चढू लागते आणि गुंगीतल्या माणसाला आपण अगदी ठणठणीत आहोत असंच वाटत असतं. १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ स्कूबा मृत्यूंचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या मृत्यूंत सुरुवातीचं कारण कळू शकलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत ते ‘हवा कमी पडणं’ हे होतं. शार्क नाही, वादळ नाही, गेजकडे (टाकीत किती हवा उरली ते दाखवणाऱ्या काट्याकडे) न बघणं! त्यामुळे गटातल्या प्रत्येकाचा गेज ठरावीक वेळाने विचारत राहणं, हे कंटाळवाणं काम गाईडच्या जबाबदारीचा मोठा भाग आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते. सर्टिफाइड डायव्हरने आपल्या मर्यादेत राहावं ही जबाबदारी त्याची स्वतःची असते, आणि ‘मी माझ्या जोखमीवर उतरतो’ अशा फॉर्मवर तो सहीही करतो. पण त्या सहीने गाईड मोकळा होत नाही. देशोदेशी नियम वेगळे आहेत, तरी अनेक ठिकाणी विचारलं जातं ते एवढंच : त्या परिस्थितीत शहाण्या, प्रशिक्षित गाईडने जे केलं असतं ते तू केलंस का? ब्रीफिंगमध्ये खोली आणि वेळ स्पष्ट सांगितली होती का? माणूस डुबकीला योग्य आहे का, हे पाहिलं होतं का? तो पहिल्यांदा ऐकेनासा झाला तेव्हा काय केलंस? यांची उत्तरं असतील तर ‘ऐकलं नाही’ या वाक्याला वजन येतं, नाहीतर ती नुसती सबब ठरते. म्हणून विमा काढायचा आणि काही गडबड झाली की त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, घडलं तसं लिहून ठेवायचं.

पण मला तुझ्याशी बोलायचं आहे ते पाण्याबाहेरच्या कामाबद्दल. त्रासदायक डायव्हर पाण्यात पहिल्यांदा त्रास देत नाही. तो बोटीवरच ओळखू येतो. सामान जोडताना नीट बघ. ‘शेकडो डाईव्ह झाल्यात’ म्हणणारा माणूस रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण) उलटा बसवतो, मग बीसीडीची (हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटाची) नळी शोधत बसतो. रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघतो, पण त्या वेळी गेजवर नजर नसते. टाकीचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल तर प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकतो, आणि ते त्याला दिसतच नाही. लॉगबुक, म्हणजे आधीच्या डाईव्हची नोंदवही, घरी राहिलेलं असतं. शेवटची डाईव्ह कधी, यावर ‘झाली असतील दोन-तीन वर्षं’. कोणी वैद्यकीय प्रश्नावलीत सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळा होतो आणि पाच मिनिटांनी रक्तदाबाच्या गोळीसाठी पाणी मागतो. कोणाच्या तोंडाला रात्रीचा वास असतो. एखादी बायको गप्प बसलेली असते आणि तिच्या वतीने नवराच सांगत असतो की तिला काही भीती वाटत नाही. माझ्या मते या शेवटच्या जोडीकडे सगळ्यात जास्त लक्ष हवं, कारण घाबरलेला माणूस श्वास रोखून वर धाव घेतो, आणि श्वास रोखला असेल तर अगदी थोड्या मीटरांतही फुप्फुसाला इजा होऊ शकते. तिला बाजूला घेऊन विचारायचं, ‘ताई, तुम्हाला आज उतरायचंय का?’

अशा वेळी गाईडच्या हातात बरंच काही असतं. उथळ जागी चेक डाईव्ह घेता येते, मास्कमधलं पाणी काढून दाखवायला सांगता येतं, त्या माणसाला आपल्याच शेजारी बडी (पाण्यातला जोडीदार) म्हणून ठेवता येतं, आणि शेवटी नाही म्हणता येतं. नाही म्हणायचं ते चारचौघांत नको, अपमान करून तर नकोच. ‘काका, आज तुम्ही माझ्यासोबत १२ मीटरपर्यंतच याल. छान झालं तर दुपारी पुढचं बघू.’ बहुतेक लोक कुरकुरत का होईना, ऐकतात. जो ऐकत नाही त्याने स्वतःच तुझा निर्णय सोपा केलेला असतो. आणि पाण्यात शिरल्यावर ठरलेलं मोडलं, तर सगळ्या गटाची डाईव्ह तिथेच संपवून वर यायचं, मिनिटाला ९ मीटरपेक्षा सावकाश, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबून. बाकीचे चिडतील, चिडू देत.

तेव्हा तू या क्षेत्रात यावंस की नाही, हे तुझ्या पोहण्यावरून मी ठरवणार नाही. स्वतःला विचार : वडिलांच्या वयाच्या, पैसे भरून आलेल्या, सगळ्यांसमोर आवाज चढवणाऱ्या माणसाला मी शांतपणे ‘आज नाही’ म्हणू शकते का? आज जमत नसलं तरी बिघडत नाही, ते सवयीने येतं. पण त्याची कल्पनाच नकोशी वाटत असेल, तर पाण्याखालचं संशोधन किंवा छायाचित्रण यांचाही विचार कर. तिथे समुद्र हाच असतो, गिऱ्हाईक मात्र नसतं.

आईंना : तुमची काळजी रास्त आहे. पण हे काम कोणी पोहता येतं म्हणून देत नाही. उदाहरणार्थ, पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या डाईव्हमास्टर कोर्सला वय किमान १८ लागतं, आधीच्या ४० डाईव्ह लागतात, संपेपर्यंत त्या ६० व्हाव्या लागतात, शिवाय प्रथमोपचाराचं ताजं प्रशिक्षण आणि डॉक्टरांची सही. ६० हा आकडा किमान आहे, पुरेसा नव्हे. तिने घाई न करता वेगवेगळ्या पाण्यात, कमी दृश्यमानतेत, प्रवाहात डाईव्ह वाढवाव्यात, असंच मी सुचवेन.

आणि तू डाईव्ह केंद्र निवडताना पगाराच्या आधी चार गोष्टी विचार. एका गाईडमागे किती डायव्हर देता? बोटीवर ऑक्सिजन असतो का, आणि तो वापरता येणारं कोणी असतं का? विमा कोण काढतं? मी एखाद्याला उतरवायला नकार दिला आणि त्याने पैसे परत मागितले, तर तुम्ही काय कराल? या चौथ्या प्रश्नावर मालक हसून विषय बदलू लागला, तर कोर्सची फी तिथे भरू नकोस.