रिमांड होममधल्या मुलाला ऐकू कमी येत असेल, तर तपासणी कुणाकडे मागायची?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपला 16 वर्षांचा पुतण्या गेले पाच आठवडे निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होममध्ये, आहे, लहानपणापासून त्याचे दोन्ही कान आलटूनपालटून वाहतात, बाल न्याय मंडळासमोर तो विचारलेल्या प्रश्नाला नुसती मान हलवतो आणि त्यामुळे तो उर्मट आहे असे तिथल्या सगळ्यांचे मत झाले आहे. त्याचे कान तपासून घेण्याचा हक्क नातेवाइकांना आहे का, असे आपण विचारले आहे.

होय, आहे. मात्र उत्तराआधी एक विनंती : प्रश्नात आपण मुलाचे गाव आणि शाळा लिहिली आहे, ती लगेच काढून टाका. बालन्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे, आणि नातेवाइकाने काळजीपोटी लिहिले तरी त्याचा त्रास मुलालाच होतो.

मी श्रवणतज्ज्ञ आहे आणि गेली काही वर्षे महिन्यातून एकदा एका निरीक्षणगृहात मुलांचे कान तपासायला जातो. आपण वर्णन केलेला मुलगा मला तिथे अनेकदा भेटला आहे. कानाच्या पडद्याला भोक पडून कान वारंवार वाहत असेल, तर ऐकणे साधारण 30 ते 50 डेसिबलनी मंदावते. समोरासमोर, शांत खोलीत अशा मुलाशी बोललात तर त्याला बरेचसे समजते. पत्र्याच्या छपराखाली, पंखा घरघरत असताना, मान खाली घालून कागद वाचणाऱ्या माणसाने विचारलेला प्रश्न मात्र त्याच्यापर्यंत अर्धाच पोहोचतो, कारण स्वर ऐकू येतात आणि स, त, फ यांसारखी हलकी व्यंजने गळतात. त्यातच हा दोष रोज सारखा नसतो. कान कोरडा असताना बरे ऐकू येते, सर्दी होऊन पुन्हा वाहू लागला की कमी येते, आणि मग ‘परवा तर नीट ऐकत होता, आज नाटक करतो आहे’ हा शेरा ठरलेला असतो. असा मुलगा ‘काय?’ असे पुन्हा विचारत नाही. शाळेत त्यासाठी मार खाल्लेला असतो. तो मान डोलावतो. ‘तू तिथे होतास ना?’ आणि ‘तू तिथे नव्हतास ना?’ या दोन्ही प्रश्नांना त्याची मान सारखीच डोलते, आणि चौकशीत या दोन उत्तरांमधला फरक किती मोठा असतो हे आपल्याला सांगायला नको.

हे दुखणे या मुलांमध्ये इतक्या उशिरा का कळते, याचे एक कारण आपल्या तपासणीच्या रचनेतच आहे. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. वाहता कान आणि बहिरेपणा हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत. पण 6 ते 18 या वयोगटातली तपासणी मुख्यतः सरकारी आणि अनुदानित शाळांत होते, म्हणजे जो मुलगा पाचवी-सहावीत शाळा सोडून गॅरेजमध्ये किंवा यंत्रमागावर कामाला लागला, तो तपासणी पथकासमोर येतच नाही. यंत्रमागाचा खडखडाट आतल्या कानाला कायमची इजा करतो. नशेसाठी हुंगल्या जाणाऱ्या सोल्युशनमधले टोल्युइन हे रसायनही श्रवणाला घातक आहे. कानशिलात बसलेल्या एका जोरदार चपराकीने पडदा फाटू शकतो. ही चपराक कुणाची होती, हे मुले सहसा सांगत नाहीत. पुतण्याला कोठडीत असे काही झाले असेल, तर तपासणीच्या कागदावर डॉक्टरांकडून तशी नोंद जरूर करून घ्या. ताजी जखम कोरडी ठेवली तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येते आणि मग दाखवायला काही उरत नाही.

कोंडलेल्या माणसांमध्ये हा प्रश्न किती मोठा असू शकतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीचे आहे. तिथल्या डार्विन आणि अॅलिस स्प्रिंग्ज येथील तुरुंगांत आदिवासी कैद्यांचे कान तपासले, तेव्हा 90 टक्क्यांहून अधिक जणांच्या श्रवणात लक्षणीय दोष आढळला. ते प्रौढ होते, पण त्यांच्यापैकी बहुतेकांच्या दोषाचे मूळ बालपणी दुर्लक्षित राहिलेल्या वाहत्या कानांत होते. आपल्याकडे परिस्थिती तितकी टोकाची आहे असे मी म्हणणार नाही. रोगाची वाट मात्र तीच आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांच्या नावे एक पानी अर्ज लिहा, त्याची प्रत बाल न्याय मंडळाला आणि परिवीक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) द्या आणि पोच घ्या. अर्जात ‘कान दुखतो’ असे लिहू नका, कारण त्यावर थेंबांची बाटली मिळते आणि विषय संपतो. ‘कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी आणि श्रवणालेख, म्हणजे ऑडिओग्राम, करून मिळावा’ असे स्पष्ट लिहा. ही सोय बहुतेक ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात असते आणि तपासणीला अर्धा तास पुरतो. मुलाला कार्यवाहीत समजून-उमजून भाग घेता यावा, ही जबाबदारी बालन्याय अधिनियमाच्या कलम 8 ने मंडळावरच टाकली आहे, आणि दर महिन्याला संस्थेला भेट देण्याचेही तेच कलम सांगते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य मिळतो.

गुन्हा ‘घृणास्पद’, म्हणजे कायद्याने अतिगंभीर मानलेल्या, वर्गातला असेल, तर घाई अधिक करा. मुलगा 16 वर्षांवरचा असल्याने कलम 15 प्रमाणे त्याच्या मानसिक-शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन पहिल्या हजेरीपासून तीन महिन्यांत होते, आणि त्यावरच खटला प्रौढाप्रमाणे चालवायचा की नाही हे बरेचसे अवलंबून असते. ज्याला प्रश्नच नीट ऐकू गेले नाहीत, त्याच्या उत्तरांवरून त्याची समज मोजणे मला भयंकर वाटते. श्रवणालेख त्या मूल्यांकनाच्या आधी मंडळापुढे असला पाहिजे.

अहवाल आल्यावर एका युक्तिवादापासून सावध राहा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये कर्णबधिरतेची मर्यादा दोन्ही कानांत 60 डेसिबलपासून सुरू होते. पुतण्याचा दोष 40 डेसिबल निघाला तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि ‘दिव्यांग नाही, म्हणजे ऐकू येते’ असे कुणी तरी म्हणेल. त्या वेळी डॉक्टरांकडून एक वाक्य लिहून घ्या : या मुलाशी समोर बसून, पंखा बंद करून, सावकाश बोलावे आणि उत्तर त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावावे.

तोपर्यंत आंघोळीच्या वेळी कानात व्हॅसलीन लावलेला कापूस ठेवायला सांगा, तेल घालू देऊ नका, आणि भेटीला जाल तेव्हा घरातले जुने केसपेपर बरोबर न्या. पुढे श्रवणयंत्र मिळालेच, तर त्याचे सेल एक-दोन आठवड्यांत संपतात आणि आत नेताना झडतीत काढून घेतले जातात, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर यंत्राबरोबर ‘सेलसह’ हा शब्दही लिहून घ्या.