शांती मिळाली, पण अध्याय वाचलास का?

प्रिय बाळा,

सलाम.

तुझा मेसेज वाचला. थायरॉईडची गोळी बंद केलीस, कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरातल्या प्रार्थनासभेत, त्याची साक्षही दिलीस आणि 'गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास' हे तुला आतून पटलंय. तू हे मनापासून लिहिलंस, यात मला तिळमात्र शंका नाही. तरी पुढचं वाचण्याआधी तुझ्या डॉक्टरांना फोन कर. पवित्र शास्त्र संध्याकाळीही उघडता येईल.

केलास? आता बोलू.

तू म्हणतोस, गोळी सोडून काही त्रास नाही, उलट शांती आहे. ती गोळी शरीरातून लगेच जात नाही; निम्मं औषध उतरायलाच साधारण आठवडा लागतो. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे माणसाला ठणठणीत वाटू शकतं. तुझी शांती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण तिच्यावरून गोळीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. प्रेषित होण्याआधीच्या आपल्या दिवसांबद्दल पौल अग्रिप्पा राजासमोर काय सांगतो ते आठव: येशूच्या नावाविरुद्ध पुष्कळ काही केलं पाहिजे, असं त्यालाही खरोखर वाटत होतं. मंडळीचा छळ त्याने मनापासूनच केला.

तुझ्या मित्राने तुला बायबलमधलं 2 इतिहास 16:12 पाठवलं. आसा राजाच्या पायाला रोग झाला, तेव्हा तो परमेश्वराला शरण न जाता वैद्यांकडे गेला. वचन खरं आहे, मी ते टाळणार नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्योदयाच्या फोटोवर छापून येणारं वचन नेहमी एकटंच येतं, शेजारची वचनं कुणी पाठवत नाही. तो अध्याय पहिल्या ओवीपासून वाच. इस्राएलचा राजा चालून येतो, तेव्हा आसा मंदिरातलं सोनंरुपं काढून अरामाच्या राजाला पाठवतो. हनानी द्रष्टा त्याला त्याबद्दल बोलतो, तर आसा त्यालाच तुरुंगात टाकतो आणि लोकांवर जुलूम करतो. आजार येतो तो या सगळ्यानंतर, आणि तेव्हाही हा माणूस देवाकडे वळत नाही. आरोप आहे तो त्या न वळण्याचा. म्हणून हे वचन तुला एवढंच विचारू शकतं, की गोळी घेताना तू प्रार्थना करतोस का. गोळी टाकून दे, असं ते कुठेही म्हणत नाही.

आता 2 राजे 20 काढ. हिज्कीया राजा मरणाला टेकलाय, रडून प्रार्थना करतो. 'मी तुला बरं करीन' असं देव स्वतः सांगतो आणि पंधरा वर्षं वाढवून देतो. त्यानंतर यशया संदेष्टा काय करायला लावतो? अंजिरांचा लेप आणून गळवावर लावायला. वचन मिळालं होतं, तरी लेप लावला, आणि त्याला अविश्वास म्हणणारं त्या अध्यायात कुणी नाही.

नव्या करारातही तेच. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले, तोच पौल आपल्या सोबत्याला, त्रफिमला, मिलेत गावात आजारी सोडून पुढे जातो. आपल्या तरुण सहकाऱ्याच्या, तीमथ्याच्या, पोटदुखीवर 'विश्वास वाढव' असं न लिहिता थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहितो. आणि लूक त्याचा प्रिय वैद्यच होता.

याकोब 5:14 मात्र सोडू नकोस. मंडळीच्या वडीलजनांना बोलाव, तेल लावून घे, प्रार्थना करून घे. मीही येईन.

तुला भीती वाटते की असं तपासत बसलं तर विश्वास थंड पडेल. बिरुया गावच्या लोकांनी वचन मोठ्या उत्सुकतेने घेतलं आणि पौल सांगतो ते तसंच आहे का, हे रोज शास्त्रात शोधलं. कृत्ये 17 मध्ये त्यांची वाखाणणीच आहे. आणि आपल्याकडे बघ. पुण्यात शारदा सदन चालवणाऱ्या पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून भांडल्या, की पाद्री सांगतात म्हणून मी काहीही मानणार नाही. 1905 मध्ये त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, झालं, मुली रडून रडून प्रार्थना करत होत्या. त्याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी निघालं. तुमच्या ग्रुपमध्ये संजीवनाच्या गोष्टी फार चालतात, त्या भाषांतराच्या टेबलाबद्दल कुणी बोलत नाही. मला तर ते टेबल जास्त मोठं वाटतं.

पुढच्या मीटिंगला मात्र तुला परत उभं राहावं लागेल. अवघड आहे, पण टाळू नकोस. तुझी साक्ष ऐकणाऱ्यांत कुणी इन्सुलिनवर असेल, कुणाला फिट येत असतील. त्यांनी औषध सोडलं तर त्यांना तुझ्यासारखे आठवडे मिळणार नाहीत. वाद घालू नकोस, मित्राला सगळ्यांसमोर पाडू नकोस. मी गोळी परत सुरू केली, एवढं सांग आणि आसाचा अध्याय पहिल्या ओवीपासून मोठ्याने वाचून दाखव.

रविवारी उपासनेनंतर भेट. टीएसएचचा, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट घेऊन ये, आणि बायबल फोनमधलं नको, छापील आण.

तुझे,
काका