बेचाळिसावा दिवस आणि निकालाचा दिवस

प्रश्न असा आहे: ‘नुकतंच मूल झालंय आणि लगेच निवडणुकीचा निकाल लागलाय, अशा आईवडिलांना पुढच्या काळाबद्दल खरंच आशा वाटते, की बोलायचं असतं म्हणून बोलतात?’

माझ्यापुरतं सांगते. माझी लेक 12 ऑक्टोबर 2024 ला झाली, ऐन दसऱ्याला. अजून तिचे डोळे नीट उघडत नव्हते तोवर, 15 तारखेला, विधानसभेची आचारसंहिता लागली. माझ्या वडिलांनी गावभर जिलेबी वाटली. (मुलगा झाला असता तर पेढे. आमच्याकडे हे अजून तसंच आहे. पेढ्यांवर मुलांचा हक्क कुणी लिहून ठेवलाय ते माहीत नाही, पण मला जिलेबी जास्त आवडते म्हणून गप्प बसले.)

बाळंतपणाला मी माहेरी होते, बार्शी तालुक्यातल्या एका गावात. मतदार यादीत नाव मात्र पुण्याला, हडपसरमध्ये. मतदान 20 नोव्हेंबरला होतं आणि त्या दिवशी लेक 39 दिवसांची होती. सव्वा महिना सरलेला, म्हणजे बाहेर पडायला तशी हरकत नाही. नवरा म्हणाला गाडी करू, सकाळी निघू, रात्री परत. आईने फक्त एवढंच विचारलं, “दोनशे किलोमीटर जायचं, दोनशे यायचं, आणि मधे हिला पाजणार कुठं?” विषय संपला. घरून मत द्यायची सोय 85 वर्षांपुढच्यांना आणि किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्यांना आहे. बाळंतीण त्यात बसत नाही. काही केंद्रांवर पाळणाघर असतं, पण प्रश्न केंद्रावरचा नव्हताच, केंद्रापर्यंतचा होता. मत द्यायला लागल्यापासून पहिल्यांदाच माझं मत हुकलं. नवरा पुण्यातून शाईचं बोट दाखवत फोटो पाठवत होता आणि माझ्या बोटाला काळं होतं ते काजळाचं.

तेव्हा पहिलं उत्तर हे, की आशाबिशा नंतर, आधी मला चिडचिड झाली होती.

निकाल 23 नोव्हेंबरला लागला. बाळाचा बेचाळिसावा दिवस. हे लक्षात राहायचं कारण आशाताई, गावची आरोग्य स्वयंसेविका. बाळ झालं की आशाताईने घरी यायचे दिवस ठरलेले असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि शेवटचा बेचाळिसावा. आमची आशाताई एकविसावा दिवस पाडव्याला आला तरी आली होती, वर फराळाचा डबा घेऊन. तर 23 ला सकाळी ती झोळीचा काटा घेऊन दारात उभी राहिली तेव्हा घरात दोन टीव्ही चालू होते, एक आमचा आणि एक शेजारच्या चुलत्यांचा, आणि दोन्हीकडे वेगवेगळी माणसं ओरडत होती. तिने आधी टीव्हीचा आवाज कमी करायला लावला. “बाळ दचकतंय, अण्णा.” माझ्या वडिलांना निकालाच्या दिवशी आवाज कमी करायला सांगणारी ती गावातली एकमेव व्यक्ती असावी.

जन्मताना 2 किलो 600 होतं, त्या दिवशी 3 किलो 900 भरलं. तिने वहीत लिहिलं आणि मला म्हणाली, “चांगलं चाललंय.” तेवढ्यात बाहेर कुणीतरी फटाके लावले.

राज्यात 288 पैकी 230 जागा महायुतीच्या तिन्ही मोठ्या पक्षांना, आघाडीला तिन्ही पक्ष मिळून 46. आणि आमच्या बार्शीत बरोबर उलटं, तिथे ठाकरे गटाचे दिलीप सोपल आले. त्यामुळे आमच्या घरात एकाच वेळी सुतक आणि लग्न असा प्रकार होता. वडिलांना सरकारपेक्षा सोयाबीनची पडली होती. हमीभाव क्विंटलला 4892, प्रत्यक्षात आडतीवर जेमतेम चार हजाराच्या आसपास, आणि प्रचारात कोण सहा हजार म्हणत होतं, कोण सात. वहिनीला लाडक्या बहिणीचे पंधराशे येत होते, ते एकवीसशे होणार का हे तिला हवं होतं. भावाला काय हवं होतं ते त्यालाच माहीत, तो फक्त गुलाल घेऊन आला. मला कुणीतरी विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, तेराशे ग्रॅम वाढली. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

रात्री ती जागवायची तेव्हा करायला काही नसायचं, म्हणून मी हिशेब मांडत बसायचे. आत्ता निवडून आलेलं सरकार वेळापत्रकाप्रमाणे 2029 पर्यंत. म्हणजे तिची पहिली पाच वर्षं: लसी, वजन, अंगणवाडी. जून 2030 मध्ये ती पहिलीत जाईल, म्हणजे तिची प्राथमिक शाळा 2029 मध्ये येणाऱ्या सरकारच्या वाट्याला. 2034 चं सरकार म्हणजे पाचवी ते नववी, मुली शाळा सोडतात ते वय. 2039 चं म्हणजे दहावी, बारावी, कॉलेज. 18 पूर्ण होणार ऑक्टोबर 2042 मध्ये, यादीत नाव यायला 1 जानेवारी 2043 उजाडणार, आणि विधानसभेला पहिलं मत 2044 मध्ये. स्वतः एक बटण दाबायच्या आधी चार सरकारं तिला वाढवून मोकळी झालेली असतील. आणि त्या चारांपैकी पहिल्याच्या वेळी तिची आई घरी बसलेली.

हे एकदा डोक्यात बसलं आणि माझ्या आशेचा आकारच बदलला. आधी मी ‘महाराष्ट्राचं कसं होणार’ वगैरे विचार करायचे. आता या सरकारकडून मला अंगणवाडी हवी आहे. बस्स. आमच्या गावची अंगणवाडी एका खोलीत भरते, तिथेच तांदळाची पोती, तिथेच मुलं. 2024 च्या पावसाळ्यात सेविकाबाई मुलांपेक्षा लाडक्या बहिणीच्या अर्जांतच जास्त बुडाल्या होत्या. त्यांचा राग नाही, अर्जामागे पन्नास रुपये मिळणार होते आणि बायका रांगेत उभ्या होत्या. पण तेवढे महिने त्या खोलीतल्या पोरांकडे कोण बघत होतं, हे कुणीच कुठल्या सभेत विचारलं नाही.

पैशाचं म्हणाल तर माझ्या भावकीतल्या एका जावेला त्याच आठवड्यात मुलगी झाली. त्यांचं केशरी रेशन कार्ड, म्हणून तिला राज्य सरकारची ‘लेक लाडकी’ योजना लागू आहे. जन्मल्यावर 5000, पहिलीत 6000, सहावीत 7000, अकरावीत 8000 आणि 18 पूर्ण झाल्यावर 75 हजार, असे एक लाख एक हजार. आम्ही त्यात बसत नाही, बसायला नकोच. पण मी तिच्यासाठी हिशेब केला: महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर 2042 चे 75 हजार म्हणजे आजचे साधारण 26 हजार. मी तिला हे सांगितलं नाही. ती म्हणाली, “अठरापर्यंत शिकवायचं बंधन तरी राहील घरच्यांवर,” आणि ते माझ्या आकडेमोडीपेक्षा शहाणपणाचं होतं. अविवाहित असली तरच शेवटचा हप्ता मिळतो. रक्कम आटेल, अट आटणार नाही.

आता जन्माच्या दाखल्याचा किस्सा, कारण माझ्या डोक्यात आशा आणि वैताग त्या एका सकाळी एकत्र झाले. दाखला आणायला आम्ही एका सरकारी कचेरीत गेलो (कुठली ते जाऊ द्या). डिसेंबर होता. लेकीला भूक लागली. समोरच हिरकणी कक्षाची पाटी, गुलाबी रंगात, आई-बाळाच्या चित्रासकट. दाराला कुलूप. शिपाईमामांनी किल्ली शोधून आणली, दार उघडलं, तर आत निवडणुकीच्या सामानाची खोकी छतापर्यंत. मामा ओशाळले. त्यांनी दोन खोकी हलवून एक खुर्ची बसवली, पंखा पुसला आणि बाहेर दाराशी पाठ करून उभे राहिले. मी तिथे बसून पाजलं. ज्या निवडणुकीला मी जाऊ शकले नाही, ती अशी माझ्या आजूबाजूला रचून ठेवली होती.

आणि मग तो दाखला हातात आला. 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्यांसाठी हा एकच कागद शाळेच्या प्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून चालणार आहे. शिवाय 1 मे 2024 पासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, अशी पद्धत राज्य सरकारने ठरवली. म्हणजे शाळेच्या हजेरीपटावर माझं नाव तिच्या नावाला चिकटून येणार. माझ्या आईचं नाव माझ्या एकाही मार्कलिस्टच्या नावाच्या ओळीत नाही. दोन मुली पदवीपर्यंत शिकवल्या तिने. आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “बरंय की,” आणि मेथी निवडत राहिली. पण संध्याकाळी शेजारच्या काकूंना तीच सांगत होती.

म्हणून तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर: हो, वाटते. मात्र कोण जिंकलं यावरून नाही. 21 व्या दिवशी पाडवा सोडून आलेली आशाताई, खोकी हलवणारे मामा, नावांचा बदललेला क्रम, इतक्या बारीक गोष्टींवरून वाटते. आणि शंकाही त्याच ठिकाणी आहे. पुण्यात परत आल्यावर सोसायटीतल्या मैत्रिणीने नर्सरीची फी सांगितली, ती लाखाच्या घरात होती. मी चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, दोन मास्तर आणि चार वर्ग. ती शाळा 2030 मध्ये असेल का, आणि असली तर मी लेकीला तिथे घालण्याचं धाडस करीन का? खरं सांगायचं तर नाही करणार. मग सरकारी शाळा सुधारावी ही माझी आशा नक्की कुणाच्या मुलांसाठी आहे, हे मला अजून सुटलेलं नाही.

पुढे उष्टावण झालं. मामाने चांदीच्या चमच्याने खीर भरवली, तिने ती मामाच्या पांढऱ्या शर्टावर परत केली. निकालाच्या दिवशी गुलाल लागला होता तोच शर्ट.

पुण्याच्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यानंतर कित्येक वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. आता पुढची निवडणूक कधी लागेल ते लागो. मतदार ओळखपत्र मी लेकीच्या बॅगेत, लंगोटांच्या खालच्या कप्प्यात ठेवलंय. यावेळी माहेरी असले तरी आईला आधीच सांगून ठेवलंय.