जळगावला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिल्म लाईनमध्ये जायचंय, कॉलेज सोडून मुंबईला जाऊ का? कोणता कोर्स करू?

कॉलेज सोडू नको भावा. पुण्याचं एफटीआयआय (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) आणि कोलकात्याचं सत्यजित राय इन्स्टिट्यूट, दोन्हीकडे डायरेक्शन, एडिटिंगच्या कोर्सला ग्रॅज्युएशन लागतं, शाखा कुठलीही चालते. आत्ता सोडलंस तर फॉर्मच भरता येणार नाही. कोर्सचं एवढंच.

खरं सांगायचंय ते वेगळंच. आमच्या घरी आखाजीला (अक्षय तृतीयेला) मामा आले होते, मुंबईत राहतात, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की आठे काय शे (इथे काय आहे), आहिराणी गाण्यांचं शूटिंग करून कोणी सिनेमात जातं का, पोराला अंधेरीत क्लासला घाला. तेव्हा मी चोपड्याकडच्या एका ग्रुपसोबत यूट्यूबच्या गाण्यांना मदतीला जायचो. पैसे नाहीत, दुपारी वडापाव. पण मी जे शिकलो ते तिथेच शिकलो आणि हे मी कोणासमोरही सांगेन.

एक शूट केळीच्या बागेत होतं. बागेत पानांमुळे चेहऱ्यावर हिरवट झाक येते, म्हणून चेहऱ्यावर पांढरा उजेड पाडायला दोन पोरं थर्माकोल धरून उभी, वारा आला की थर्माकोल हलायचा आणि उजेडही हलायचा. त्यात हिरोईनच्या फिक्या पिवळ्या साडीला चीक लागला. ज्यांच्या घरी केळी आहे त्यांना माहितीय, चीक आधी दिसत नाही, वाळला की काळपट डाग पडतो आणि कितीही धुवा, जात नाही. दुसरी साडी नव्हती, अर्धं गाणं बाकी. डायरेक्टर म्हणाला पॅकअप. मी प्रत्येक शॉटनंतर मोबाईलवर फोटो काढून ठेवायचो, पदर कुठल्या खांद्यावर, टोपली कुठल्या हातात, केस मोकळे की बांधलेले, कोणी सांगितलं नव्हतं तरी. ते फोटो बघून सांगितलं की दुसऱ्या अंतऱ्यात टोपली उजव्या कमरेवर आहे, डाग तिच्यामागे झाकला जातो, आधी ते शॉट घ्या, बाकीचे क्लोजअप करून घ्या. गाणं त्याच दिवशी पूर्ण झालं.

पुढे ग्रॅज्युएशन करून मुंबईला गेलो तेव्हा एका सिरियलच्या चीफ असिस्टंट डायरेक्टरने विचारलं, कंटिन्युटी केलीय का, म्हणजे एका शॉटमधले कपडे, केस, वस्तू पुढच्या शॉटशी जुळवायचं काम. मी मोबाईलमधले तेच फोटो आणि वहीतल्या नोंदी दाखवल्या. क्लासचं सर्टिफिकेट त्याने मागितलंही नाही, दुसऱ्या दिवसापासून क्लॅप आणि कंटिन्युटी माझ्याकडे. मामा अजूनही म्हणतात नशीब होतं. नशीब नव्हतं मामा, काम येत होतं.

आपल्याकडे लगेच स्मिता पाटलांचं उदाहरण देतात. घराणं शिरपूरचं हे खरं, अभिमान मलाही आहे, पण त्या पुण्यात वाढल्या, वडील राजकारणातले, मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत होत्या तिथून सिनेमात आल्या. तुझ्यामाझ्या घराला ते लागू होत नाही.

म्हणून डिग्री होईपर्यंत इथेच काम शोध. आहिराणी गाणी, शॉर्टफिल्म, लग्नाचं शूटिंग, काहीही. एडिटिंग दा विंची रिझॉल्व्हवर शिक, फुकट व्हर्जन पुरतं. कोणी रोल देतो म्हणून पैसे मागितले तर तिथून निघ, या लाईनमध्ये काम करणाऱ्याला पैसे मिळतात, तो देत नाही.

हे सगळं कॅमेऱ्यामागच्या कामाचं. ॲक्टिंग करायची असेल तर मी सांगणारा माणूस नाही, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या जळगावच्या एखाद्या ग्रुपला जाऊन भेट. आणि मुंबईला जाशील तेव्हा निदान तीन-चार महिन्यांचं भाडं जवळ ठेव, सिरियलचं पेमेंट बऱ्याचदा ९० दिवसांनी येतं, शिफ्ट १२ तासांची असते, मध्ये दुसरं काम करायला वेळ मिळत नाही.