नाव पुसले तरी माणूस ओळखू येतो

प्रश्न : रुग्णांच्या नोंदींतून नाव आणि पत्ता काढून टाकला, तर उरलेली माहिती सर्वांना खुली करण्यास हरकत का असावी? संशोधनास उपयोगी पडणारी माहिती गोपनीयतेच्या नावाखाली कुलूपबंद ठेवणे हेही नुकसानच नव्हे काय?

उत्तर : नुकसान आहेच. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याचा माग डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपापर्यंत नेला, तो मृतांच्या नोंदी त्यांना पत्त्यांसह पाहावयास मिळाल्या म्हणूनच.

मात्र नाव काढले की माणूस झाकला जातो, हे आपले गृहीतक टिकत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे वगळून, पण जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड तसेच ठेवून संशोधकांना देण्यात आल्या होत्या. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेऊन ती या नोंदींशी ताडून पाहिली. राज्यपाल विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले त्या यादीत सहाच जण होते. त्यांत पुरुष तीन आणि राज्यपालांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. राज्यपालांच्या आजारपणाची नोंद अशी हाती लागली, आणि त्यात कुठलेही कुलूप फोडावे लागले नाही.

नुसत्या आकड्यांतही हा धोका असतो. समजा, एका लहान गावाच्या तक्त्यात क्षयाचे एकूण रुग्ण १४ आणि त्यांपैकी पुरुष १३ असे छापले. स्त्रियांचा रकाना कोरा ठेवला, तरी साध्या वजाबाकीने ती एकटी बाई उघडी पडते, आणि ती कोण हे शेजाऱ्यांना सांगावे लागत नाही. तिचे काम सुटू शकते, घरात तिचे ताट वेगळे होऊ शकते. म्हणून लहान आकडा झाकताना त्याच ओळीतला आणखी एक आकडाही झाकावा लागतो. एवढी काळजी घेऊनही एखादी वस्तीच रोगाची म्हणून बदनाम होऊ शकते, आणि हे नुकसान कोणाही एकाच्या नावावर मांडता येत नाही.

माझ्या मते एकत्रित आकडे विनाविलंब आणि सर्वांसाठी प्रसिद्ध व्हावेत. एकेका रुग्णाची नोंद मात्र बाहेर जाऊ नये, तर संशोधकाने ती जिथे सुरक्षित ठेवली आहे तिथल्याच संगणकावर येऊन काम करावे आणि तपासलेले निष्कर्ष तेवढे सोबत न्यावेत. यात वेळ जातो, हे खरे. परंतु फुटलेला पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख आणि जडलेला आजार बदलता येत नाही.